बॉल पायथन या पाळीव अजगराची पेटी ऊबदार ठेवली की कोरडी पडते, काय करावं?

तुम्ही लिहिलंय की ऊबदार बाजू ३२ अंशांवर आणली की आर्द्रता ३५-४० टक्क्यांवर येते, पाणी फवारलं तरी तासाभरात पुन्हा तेच, आणि कात तुकड्यातुकड्यांत निघते. फवारणी थांबवा. माझं पहिलं वर्ष त्यातच गेलं. दिवसातून तीनदा फवारत होते. पेटीतल्या अंथरणाचा वरचा थर सतत ओला राहिला आणि सापाच्या पोटाचे खवले तपकिरी पडून कुजायला लागले. हवा मात्र होती तशीच कोरडी!

गोम अशी आहे की हवा तापली की तिची पाणी धरून ठेवायची क्षमता वाढते. २५ अंशांना ७० टक्के आर्द्रता असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापवा, पाणी तेवढंच राहूनही आकडा ४७ च्या आसपास येतो. म्हणजे तुमचा आर्द्रता मोजायचा मीटर ऊब देणाऱ्या दिव्याखाली असेल तर तो कमी दाखवणारच. मीटर गार बाजूला, साप असतो त्या उंचीवर ठेवून बघा. काटेवाला गोल मीटर असेल तर काढून टाका, डिजिटल घ्या. तोही तपासता येतो: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन जेमतेम ओलं करा, मीटरसोबत हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी ७५ च्या जवळपास आकडा दिसला पाहिजे.

आता जाळीचं झाकण. दिव्याची गरम हवा वर जाते आणि ओलावा घेऊन जाळीतून निघून जाते. दिव्याची जागा सोडून बाकीच्या जाळीपैकी बरीचशी अॅल्युमिनियम फॉइलने झाका, फॉइल दिव्यापासून लांब राहू द्या. माझ्याकडे एवढ्यानंच अर्धं काम झालं. खाली कागद असेल तर तो बदलून नारळाच्या भुशाचा तीन-चार इंच थर द्या आणि पाणी वरून न शिंपडता कोपऱ्यांत ओता. तळ ओला, वरचा थर कोरडा, असं हवं. पाण्याचं भांडंही रुंद तोंडाचं ठेवा. बॉल पायथनला एरवी साधारण ६० टक्के पुरतात. डोळे दुधाळ झाले, म्हणजे कात यायची वेळ झाली, की ७० पर्यंत जाऊ द्या. त्या दिवसांत झाकणाच्या डब्याला भोक पाडून आत ओलसर शेवाळ घातलं तर साप आपणहून त्यात जाऊन बसतो.

उष्णतेचं थोडक्यात: ऊबदार बाजू ३१-३३, गार बाजू २५-२७, आणि तापणारी मॅट असो वा दिवा, थर्मोस्टॅटशिवाय (ठरलेल्या तापमानाला उष्णता बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय) लावायचाच नाही. मॅट पेटीखाली असेल तर थर्मोस्टॅटची तापमान मोजणारी तार मॅट आणि काच यांच्या मधे हवी. पोटाखाली चटका बसतोय तरी साप तिथून हलत नाहीत, भाजून घेतात. तापणारे दगड मिळतात, ते तर आणूच नका.

आत्ता अंगावर राहिलेली कात ओढू नका. कोमट पाण्यात भिजवलेल्या टॉवेलमधून सापाला सरकू द्या. शेपटीचं टोक जरूर तपासा, तिथं कातीचं कडं अडकून राहिलं तर रक्तपुरवठा तुटतो. डोळ्यावरची टोपी (डोळा झाकणारा पारदर्शक खवला, जो कातीबरोबर निघतो) निघाली नसेल तर तुम्ही हात लावू नका, पुढच्या कातीबरोबर बहुधा निघते. दोन कातींनंतरही तशीच असेल तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल किंवा नाकातून बुडबुडे येत असतील, तर मात्र आजच.