मला नदीत उत्तम पोहता येतं, मग पुरात माणसं काढायला प्रशिक्षण कशाला हवं?

तुझा प्रश्न असा: वय 22, गाव नदीकाठी, लहानपणापासून नदीत पोहतोस. पूर आला की माणसं अडकतात आणि सरकारी पथक यायला वेळ लागतो. मग आपणच उतरलो तर काय बिघडलं? आई मात्र नको म्हणते. माझा धाकटा भाऊही तुझ्याहून मोठा आहे, म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

मीही कृष्णाकाठचाच. चौथीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो आणि पुढं गावात पट्टीचा पोहणारा म्हणून नाव झालं. 2005 च्या पुरात मी 20 वर्षांचा होतो. मळीतल्या वस्तीवर म्हशी सोडायला गेलेले एक आजोबा पाण्यात अडकले आणि बाभळीवर चढून बसले. काठापासून बाभूळ फार तर शंभर फूट. एवढं अंतर मी झोपेतही गेलो असतो. विहिरीवरचा जाड दोर आणला, कमरेला बांधला, गाठ पाठीमागं घट्ट मारली. दुसरं टोक चार मित्रांच्या हातात दिलं आणि सूर मारला.

अर्ध्यात गेल्यावर धारेनं मला खाली ओढायला सुरुवात केली. मित्रांना वाटलं मी वाहून चाललो, म्हणून त्यांनी दोर गच्च धरला. दोर ताणला आणि त्याच क्षणी माझं डोकं पाण्याखाली गेलं. पाणी मागून रेटत होतं, दोर मला जागच्या जागी धरून होता, आणि वर यायला वाटच राहिली नव्हती. मी जितका धडपडत होतो तितके ते जोरात ओढत होते. गाठ भिजून दगड झाली होती, बोटांना सापडेना. काठावर एक म्हातारे नावाडी उभे होते. ते ‘सोडा, सोडा’ ओरडत होते, पण मित्राचा दोर कोण सोडणार? शेवटी त्यांनी कुणाच्या तरी हातातला विळा घेतला आणि दोर कापला. मी बुचासारखा वर आलो, बराच लांब वाहत जाऊन एका उसाच्या फडात अडकलो आणि वाचलो. कमरेचा काळानिळा वळ महिनाभर होता. संध्याकाळी त्याच नावाड्यांनी बरंच वरून नाव सोडली, तिरकी तिरकी उतरवत बाभळीला लावली आणि आजोबांना घेऊन आले. त्यांनी शंभर फुटांसाठी अर्धा किलोमीटर वरून सुरुवात केली होती. मी सरळ समोर उडी मारली होती.

प्रशिक्षणात मला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं की वाहत्या पाण्यात उतरणाऱ्याच्या अंगाला दोर बांधायचा नाही. प्रशिक्षित जवान बांधतात, तो खास जॅकेटला आणि एका झटक्यात सुटणाऱ्या पट्ट्याला. आपल्याकडं अजूनही प्रत्येक पुरात कमरेला दोर बांधून उतरणारी पोरं दिसतात. काठावरचे त्यांचं कौतुक करत व्हिडिओ काढतात. मला ते बघवत नाही.

नदीत पोहणं आणि पुरात उतरणं यात फरक कुठं आहे, ते सांगतो. उन्हाळ्यात तू पाण्यात पोहतोस. पुरात पाणी तुला घेऊन चाललेलं असतं. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. म्हणूनच गुडघाभर पाणी धडधाकट माणसाला आडवं करतं, आणि दोन फूट पाण्यात चारचाकी रस्ता सोडून तरंगायला लागते. वर ते पाणी गढूळ. खाली काय आहे ते दिसत नाही. तारेचं कुंपण असतं, ठिबकच्या नळ्यांची गुंतवळ असते, वाहून आलेले ओंडके असतात. झाड किंवा कुंपण पाणी गाळून पुढं सोडतं, माणसाला नाही. त्याला ते चाळणीतल्या गाळासारखं दाबून धरतं. आपल्याला झाड म्हणजे आधार वाटतो. ओढ असलेल्या पाण्यात तोच सापळा ठरू शकतो.

उभं राहायला गेलास तर पाय दगडाच्या खाचेत अडकतो, आणि मागचं पाणी वाकवून तोंड बुडवतं. पाणी कमरेएवढं असलं तरी यात माणूस जातो. म्हणून वाहून जायची वेळ आलीच तर उताणं व्हायचं, पाय पुढं वाहत्या दिशेला ठेवायचे, पायाची बोटं पाण्यावर दिसली पाहिजेत. असं वाहत वाहत काठाकडं तिरकं सरकायचं. हे वाचून येत नाही. माझ्या प्रशिक्षकानं माझ्याकडून इतक्या वेळा करून घेतलं की उभं राहायची खोड मोडली.

सगळ्यात फसवा म्हणजे आपला बंधारा. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढलेले असोत किंवा वरून पाणी पडत असो, वरच्या अंगानं तो अगदी साधा दिसतो. खाली पडलेलं पाणी मात्र फिरून पुन्हा भिंतीकडं येतं. त्यात सापडलेला माणूस वर येतो, भिंतीकडं ओढला जातो, पुन्हा खाली जातो. फेसाळ पाण्यात हवा जास्त असल्यानं अंग नेहमीसारखं तरंगतही नाही. 2024 च्या मे महिन्यात, पावसाळा नसताना, अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला एसडीआरएफची, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उतरली. ती भोवऱ्यात सापडून उलटली आणि तीन जवान गेले. ही रोजचा सराव असलेली, साधनं असलेली माणसं होती. हे सांगताना मला प्रशिक्षणाला कमी लेखायचं नाही. पाणी काय चीज आहे ते तुला कळावं, एवढ्यासाठी सांगतोय.

बोटीचंही तेच. 2019 ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. तिथं धोक्याची पातळी 45 आहे. 8 ऑगस्टला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला, येरळा कृष्णेला मिळते त्या गावात, माणसं बाहेर काढणारी ग्रामपंचायतीची बोट उलटली. डझनाहून जास्त जीव गेले, त्यात बायाबापड्या आणि लेकरंही होती. बोटीत जास्त माणसं होती. त्या गावाला मी दोष देत नाही. दारात पाणी आलेलं असताना ‘तू थांब, पुढच्या फेरीला ये’ हे एखाद्या आईला सांगणं किती जड जातं, ते मी बघितलंय. पण ते सांगता येणं हाही शिकायचा भाग आहे. बोटीत किती माणसं बसणार हे पाणी यायच्या आधी ठरलेलं असावं, आणि नाही म्हणणारा माणूसही ठरलेला असावा. बोट धारेला आडवी घालायची नाही, उभं राहायचं नाही, सगळ्यांनी एका बाजूला जायचं नाही. उसाचा पाला, कापड, दोर इंजिनच्या पंख्यात गुंतला की बोट पाण्याच्या ताब्यात जाते. आणि वर बघायचं. पूर चढलेला असताना विजेच्या तारा बोटीतल्या माणसाच्या हाताला लागतील इतक्या खाली आलेल्या असतात. लाइन बंद केल्याची खात्री झाल्याशिवाय त्या भागात जायचं नाही.

पथकाच्या उशिराबद्दल तू म्हणतोस ते खरं आहे. एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन पुण्याकडं तळेगावजवळ सुदुंबऱ्याला असते. तिथून आपल्याकडं यायला रस्ता मोकळा असला तरी तास जातात, आणि 2019 ला तर कोल्हापूरजवळ महामार्गच पाण्याखाली होता. पहिले तास गावालाच काढावे लागतात. आपल्या भागात गूळ करायच्या काहिलीत बसवूनसुद्धा माणसं काढलेली आहेत. म्हणूनच शिक म्हणतोय. घरी बसून राहा असं मी म्हणत नाही.

शिकवतात तो क्रम असा: आधी आवाज द्यायचा, मग काठी किंवा बांबू पुढं करायचा, मग दोर फेकायचा, मग नाव, आणि पोहत जाणं अगदी शेवटी, तेही जॅकेट आणि हेल्मेट घालून. ‘तिथंच थांबा, फांदी सोडू नका, नाव येतेय’ एवढं सतत बोलत राहिल्यानंही माणूस तग धरतो. बुडणारा माणूस तुला मिठी मारणार आणि तुझ्या डोक्यावर चढणार. त्यात त्याची चूक नाही, श्वासासाठी तो कुणावरही चढेल. म्हणून त्याला हात न देता वस्तू द्यायची: इनर, झाकण लावलेला कॅन, रिकामी घागर.

सरकारच्या ‘आपदा मित्र’ योजनेत 12 दिवसांचं प्रशिक्षण असतं. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात किंवा तहसीलला जाऊन पुढची तुकडी कधी ते विचार. मे महिन्यातच जा, पाणी आल्यावर कुणाला शिकवायला वेळ नसतो. जिल्ह्याचा 1077 आणि 112 हे नंबर पाठ ठेव. पुराच्या पाण्यातून आल्यावर ताप आला, अंग मोडून आलं, तर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची शंका डॉक्टरांना सांग, अंगावर काढू नकोस. आईला सांग, मी पाण्यात उतरायला नाही, दोर फेकायला शिकायला चाललोय.

2021 ला आमच्या ओढ्याच्या पुलावरून एक पोरगा मोटारसायकलसकट वाहून गेला. गाडी गेली, तो खाली करंजीच्या झाडाला धरून होता. आम्ही पाच जण होतो, पाचही पोहणारे. कुणी उतरलं नाही. मी थोडा वरच्या अंगाला उभा राहून पिशवीतला दोर फेकला. पहिला फार जवळ पडला, दुसरा मागून वाहून गेला. तिसरा त्याच्या खांद्यावर पडला. ‘हाताला गुंडाळू नको, छातीशी धर, उताणा हो’ असं ओरडत राहिलो. आम्ही त्याला ओढलं नाही, फक्त दोर धरून खाली बसलो. धारेनंच त्याला झोपाळ्यासारखं काठाला आणून लावलं.

त्या दोन चुकलेल्या फेकी माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून आता आमच्या शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी आम्ही पन्नास फुटांवर टायर ठेवून दोर फेकतो. मागच्या रविवारी दहापैकी सात बसल्या.