नीट म्हणजे किती?

चि. इंजिनिअरबाईंस अनेक आशीर्वाद.

ठेकेदाराला चार वेळा सांगितलं तरी ऐकत नाही, म्हणालीस. काय सांगितलंस, विचारलं तर म्हणे, 'काम नीट करा.' अगं, हे तर त्याला त्याची आईसुद्धा सांगत असेल!

नीट म्हणजे किती, ते बोट ठेवून दाखवावं लागतं. स्लॅबची जाळी बांधायला घेतली की टेप घेऊन वर चढ. पहिल्या खोलीतच वाकून सळईखाली हात घाल. 'दादा, इथे सळईखाली काँक्रीटचं 20 मिलिमीटर कव्हर पाहिजे, सळई खालच्या प्लायच्या फळीला टेकलीय. सळई उचलून धरणारा हा कव्हर ब्लॉक आडवा पडलाय बघा.' तो 'हो मॅडम' म्हणेल. तू हलू नकोस, ब्लॉक बसेपर्यंत तिथेच थांब. कारणही सांग: कव्हर कमी पडलं की सळई गंजते, गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट सुटून पडतं. जुन्या चाळीतलं असं छत त्याने तुझ्यापेक्षा जास्त पाहिलेलं असतं, त्याला पटतं. हेच काँक्रीटची गाडी गेटवर आल्यावर बोललीस, तर ती नुसती कटकट.

मी तुझ्या वयाचा असताना सळया बांधणाऱ्या गँगच्या एका फिटर मुकादमाला त्याच्या दहा पोरांसमोर फाडफाड बोललो होतो. चूक त्याचीच होती. कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा 6 इंचांवर हव्या होत्या, त्याने 8-9 इंचांवर बांधल्या होत्या. तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सगळी गँग गायब. पाच दिवस काम ठप्प. शेवटी मीच त्याच्या खोलीवर गेलो. त्याने चहा दिला आणि म्हणाला, 'साहेब, रिंगा सोडून परत बांधल्या असत्या. पण आता ही पोरं माझं ऐकतील का?'

तेव्हापासून चूक दिसली की मुकादमाला जिन्यापाशी बोलावतो. त्याच्या माणसांना परस्पर हुकूम सोडत नाही. चांगल्या कामाचं मात्र सगळ्यांसमोर बोलतो. अपवाद एकच: कुणी बेल्टशिवाय स्लॅबच्या कडेला दिसला, तर आधी ओरड. मानपान मागाहून.

बाकी खरं नातं बिलात असतं. मोजमाप त्याला सोबत घेऊनच कर, वहीवर त्याच दिवशी दोघांच्या सह्या. टीडीएस म्हणून कर किती कापणार, रिटेन्शन म्हणून किती रक्कम राखून ठेवणार, ती कधी सुटणार, हे काम सुरू होण्याआधी कागदावर दाखव. नाहीतर पहिल्या बिलात कापलेला आकडा बघून तो तुलाच चोर समजेल. आठवड्याला त्याला पोरांची खर्ची द्यावी लागते. बिल अकाउंट्समध्ये अडकलं तर 'माझ्या हातात नाही' म्हणून हात झटकू नकोस. फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते विचार आणि ठेकेदाराला फोन करून सांग. पैसे न मिळाल्याने तो चिडेल, पण तू स्वतः फोन केलास हे विसरणार नाही. तीन आठवडे बिल रखडलेल्या माणसाला कव्हर ब्लॉकचं सांगायला गेलीस, तर तो तुझ्याकडे कसा बघेल, ते तूच ठरव.

गुरुवारी स्लॅब भरायचाय ना? मग आजच वर चढ. आणि त्या मुकादमाचं नाव काय गं? पूर्ण फोनभर तू त्याला 'तो फिटरवाला'च म्हणत होतीस.

तुझा,
जुना साहेब