तापट नटावर माहितीपट करायचा आहे, नट आता हयात नाही. हर्झॉगच्या किन्स्कीवरच्या फिल्ममधून काय घ्यावं, काय टाळावं?

तुमच्या प्रश्नात दोन अडचणी आहेत. नट गेलेला आहे, आणि त्याच्याबद्दल बोलणारा प्रत्येक जण आधी त्याच्या रागाचेच किस्से सांगतो. जर्मन दिग्दर्शक वेर्नर हर्झॉगच्या 'माइन लिबस्टर फाइंड' ('माझा सर्वात लाडका शत्रू', 1999) या माहितीपटापुढेही नेमक्या याच अडचणी होत्या. त्याचा विषय असलेला तापट जर्मन नट क्लाउस किन्स्की 1991 मध्ये कॅलिफोर्नियात वारला. त्याआधी दोघांनी मिळून पाच चित्रपट केले: 'अगिरे' (1972), 'नोस्फेराटू' आणि 'वॉयझेक' (दोन्ही 1979), 'फित्सकाराल्डो' (1982) आणि 'कोब्रा वेर्दे' (1987). माहितीपट साधारण दीड तासाचा आहे. एकदा सलग बघा, मग वही घेऊन दुसऱ्यांदा बघा आणि प्रत्येक प्रसंगापुढे एवढंच लिहा: राग 'दाखवलाय' की 'सांगितलाय'?

वही भरली की लक्षात येईल की लांबलचक, सलग असा संताप फार कमी वेळा दिसतो. सुरुवातीला 1971 च्या किन्स्कीच्या येशूवरच्या एकपात्री प्रयोगाचं चित्रण आहे, त्यात तो प्रेक्षकांवरच तुटून पडतो. पुढे 'फित्सकाराल्डो'च्या सेटवर प्रॉडक्शन मॅनेजर वॉल्टर झाक्सरवर तो बराच वेळ ओरडतो. माहितीपटकार लेस ब्लँक 'बर्डन ऑफ ड्रीम्स' या 'फित्सकाराल्डो'च्या चित्रीकरणावरच्या फिल्मसाठी सेटवर कॅमेरा घेऊन हजर होता, म्हणून ते हाती लागलं. हर्झॉग त्या दृश्यावरच्या निवेदनात म्हणतो की हा त्यातल्या त्यात सौम्य प्रकार होता. दृश्य एकच, पण या एका वाक्यामुळे न दिसलेले दहा प्रसंग प्रेक्षक मनातच रचतो. तुमच्याकडे असं चित्रण पाच ठिकाणचं असलं तरी पाचही वापरू नका. तिसऱ्या आरडाओरड्याला लोक हसायला लागतात.

बाकीचा राग जागेवर जाऊन सांगितलेला आहे, आणि शिकायचं ते इथे. म्युनिकच्या ज्या घरात तेरा वर्षांचा हर्झॉग आणि किन्स्की एकाच छपराखाली राहत होते, तिथे हर्झॉग कॅमेरा घेऊन जातो. चित्रीकरणाच्या वेळी तिथे एक सुखवस्तू, वयस्क जोडपं राहत होतं. नीटनेटकं सामान, सगळं कसं जागच्या जागी. हर्झॉग त्यांना सांगतो की किन्स्कीने इथे स्वतःला दोन दिवस न्हाणीघरात कोंडून घेतलं आणि आतल्या वस्तूंचा इतका चुरा केला की तो टेनिसच्या रॅकेटमधून चाळता आला असता. जोडपं सभ्यपणे मान डोलावतं. जुनं चित्रण नाही, नाट्यरूपांतर नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही, आणि तरीही प्रसंग उभा राहतो. जागा बदललेली असेल तर बदललेलीच दाखवा, जुनी करायला जाऊ नका.

साक्षीदार निवडताना हर्झॉगने रांग लावलेली नाही. 'अगिरे'च्या वेळी किन्स्कीने तलवार इतक्या जोरात हाणली की शिरस्त्राण असूनही एकाचं डोकं फुटलं. तो माणूस कॅमेऱ्यासमोर व्रण दाखवतो. अशा एका व्रणासमोर 'तो फार हिंसक होता' असं म्हणणाऱ्या वीस मुलाखती फिक्या पडतात. दुसऱ्या बाजूला 'वॉयझेक'ची एव्हा माटेस आणि 'फित्सकाराल्डो'ची क्लाउडिया कार्डिनाले त्याच्याबद्दल मायेने बोलतात. त्या नसत्या तर फिल्म म्हणजे आरोपपत्र झालं असतं. तुम्हीही ज्याला नटाबद्दल काडीचीही तक्रार नाही असा निदान एक माणूस शोधा, आणि त्याला शेवटी तोंडी लावायला ठेवू नका, मध्यावर आणा.

आता सगळ्यात कठीण भाग: काम दाखवणं. राग कुणालाही दाखवता येतो, प्रतिभा दाखवायला बारकावा लागतो. हर्झॉग किन्स्कीची एक युक्ती स्वतः करून दाखवतो. नट बाजूने सरळ चालत फ्रेममध्ये आला की त्याच्या येण्यात काही ताण राहत नाही. म्हणून किन्स्की कॅमेऱ्याला खेटून उभा राहायचा, पाऊल ट्रायपॉडच्या पायाशी ठेवायचा, आणि अंगाला पीळ देत, गिरकी घेऊन भिंगासमोर यायचा. हे समजलं की 'अगिरे' परत लावून बघा, त्याची चाल आणि त्याचं वळणं वेगळंच दिसू लागतं. तुमच्या नटाची अशी एखादी सवय तुमच्या फिल्ममध्ये आलीच पाहिजे: संवादाआधीचा श्वास, हातांची ठेवण, प्रकाशात यायची वेळ. ती दिग्दर्शकापेक्षा छायालेखक, ध्वनिमुद्रक आणि संकलक यांना जास्त माहीत असते. मुलाखतींची यादी तिथून सुरू करा. मुलाखतीला संबंधित दृश्य लॅपटॉपवर घेऊन जा, दाखवा, थांबवा आणि विचारा, 'इथे तो काय करतोय?' नुसतं 'कसा होता तो?' विचारलंत तर मासिकात छापून आलेला किस्साच ऐकायला मिळेल.

आता त्रुटी. सांगणारा स्वतः भांडणातला पक्षकार आहे. 'अगिरे'च्या वेळी किन्स्की सेट सोडून निघाला, तेव्हा हर्झॉगने गोळ्या घालीन अशी धमकी दिली. पुढे ते 'बंदूक रोखून दिग्दर्शन' या रूपात पसरलं, हातात बंदूक नव्हती असं हर्झॉगचं म्हणणं. किन्स्कीने आत्मचरित्रात हर्झॉगला दिलेल्या शिव्यांबद्दल तर हर्झॉग सांगतो की त्यातल्या काही शोधायला आपणच मदत केली. मजेशीर आहे, पण उलट बाजू मांडणारा माणूस हयात नाही. तुम्ही नटाचे मित्र असाल तर हे नातं पहिल्या पाच मिनिटांत उघड करा, आणि वादग्रस्त प्रसंगाला दुसरा साक्षीदार मिळेपर्यंत तो 'अमुक असं सांगतो' असाच ठेवा.

त्याहून मोठी उणीव म्हणजे घर. 2013 मध्ये किन्स्कीची थोरली मुलगी पोला हिने पुस्तक लिहून वडिलांनी आपल्यावर लहानपणापासून लैंगिक अत्याचार केल्याचे आरोप केले. माहितीपट त्याच्या चौदा वर्षं आधीचा. त्यात सेट आहे, जंगल आहे, मैत्री आहे, मुली मात्र नाहीत. आज ही फिल्म बघताना 'प्रतिभावंताचं वेड' हा शब्दप्रयोग घशाखाली उतरत नाही. म्हणून संशोधनाच्या पहिल्याच टप्प्यात घरच्यांशी आणि सेटवरच्या कनिष्ठ लोकांशी बोला: मेकअप, वेशभूषा, स्पॉट. कॅमेरा न लावता बोला, नाव न देण्याची मुभा द्या. एडिट संपत आल्यावर असं काही हाती लागलं तर पूर्ण रचना मोडावी लागते.

हक्कांचं थोडक्यात. चित्रपटाची प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात मिळाली म्हणजे वापरण्याचा हक्क मिळाला असं नाही, तो निर्मात्याकडे किंवा त्याच्या वारसांकडे असतो. लेखी परवानगी एडिटच्या आधी घ्या, क्लिपची लांबी सेकंदांत लिहून. हर्झॉगच्या हाताशी स्वतःचे पाच चित्रपट होते, तुमच्याकडे ते नसतील. म्हणून एकही क्लिप मिळाली नाही तरी उभी राहील अशी रचना आधी कागदावर करा.

बघायचा क्रम: आधी 'अगिरे', मग 'बर्डन ऑफ ड्रीम्स', मग हा माहितीपट. त्यानंतर डेव्हिड श्मोलरची 'प्लीज किल मिस्टर किन्स्की' ही नऊएक मिनिटांची फिल्म. श्मोलरने किन्स्कीला घेऊन 'क्रॉलस्पेस' केला होता. दोघांत मैत्री नव्हती, त्यामुळे हाच माणूस तिथे पार वेगळा दिसतो.