इंटरल्यूकिनची तपासणी करून घेऊ का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय 44, दमा कॉलेजपासून. पंप रोज घेते, तरी यंदा दोनदा स्टिरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. दम्यात इंटरल्यूकिन-5 नावाचं प्रथिन वाढतं आणि त्यावर इंजेक्शन निघालंय, असं वाचलं. रक्तात ते किती आहे, हे तपासून घेऊ का? इंजेक्शन सुरू झालं की पंप सुटेल ना?

उत्तर : ती तपासणी नको. तो आकडा हाती आला तरी त्यावरून उपचार ठरत नाहीत. त्यापेक्षा हे प्रथिन काय करून ठेवतं ते बघावं. अस्थिमज्जेत इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी तयार व्हायला आणि पुढे टिकायला ते मदत करतं. याच पेशी श्वासनलिकांच्या अस्तरात शिरून सूज धरून ठेवतात. त्यांची संख्या सीबीसीत, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायच्या साध्या तपासणीत कळते. एका मायक्रोलिटरमागे ती 300 च्या पुढे असेल, तर तुमचा दमा या जातीचा असण्याची शक्यता बरीच. मात्र स्टिरॉइडच्या गोळ्यांनी हा आकडा दबतो, म्हणून गोळ्या चालू असताना रक्त देऊ नका. पोटातल्या जंतांनी तो वाढतोही, तेव्हा एकट्या आकड्यावर भिस्त नको.

या आकड्याचं महत्त्व आम्हा डॉक्टरांनाही उशिराच पटलं. इंटरल्यूकिन-5 अडवणाऱ्या मेपोलिझुमॅब या इंजेक्शनचा एक छोटा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. रक्तातले इओसिनोफिल धडाधड उतरले, पण ॲलर्जीचा पदार्थ हुंगवल्यावर श्वासनलिका आवळायच्या त्या आवळल्याच. औषध जवळजवळ निकालात निघालं होतं. मग 2009 साली काही संशोधकांनी, औषधं घेऊनही ज्यांच्या थुंकीत इओसिनोफिल भरपूर आहेत आणि ज्यांना वरचेवर अटॅक येतात, असेच रुग्ण निवडले. अटॅक निम्म्याच्या आसपास आले! औषध तेच होतं, फक्त माणसं नीट निवडली होती. अमेरिकेत त्याला 2015 मध्ये परवानगी मिळाली.

इंटरल्यूकिन-4 आणि 13 या दोघांचं काम एकदम अडवणारं डुपिलुमॅबही आहे. तेरा नंबरवाल्यामुळे चिकट कफ वाढतो. ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल कमी असतात, त्यांच्यासाठी टेझेपेलुमॅबचा विचार होतो, कारण ते टीएसएलपी या, सूज आणणाऱ्या साखळीत आणखी आधीच्या टप्प्यावर काम करणाऱ्या प्रथिनाला गाठतं.

आता पंप. तो सुटणार नाही. इंजेक्शन पंपाच्या जोडीला देतात, बदली नाही. पंपातलं स्टिरॉइड सूज आणणाऱ्या अनेक प्रथिनांची निर्मिती एकाच वेळी कमी करतं, इंजेक्शन त्यातल्या एकदोघांनाच धरतं. पुढे दमा आटोक्यात राहिला तर पंपाची मात्रा कमी करता येईल, पण ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि तुम्ही ‘पंप रोज घेते’ म्हणता, पण कोणता ते लिहिलं नाहीत. नुसता सालब्युटामॉलचा असेल, तर श्वासनलिका तात्पुरत्या सैल होतात, सूज तशीच राहते. दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून तो एकटा वापरू नका असंच सांगितलंय. तेव्हा इंजेक्शनचा विषय काढण्याआधी पंप घेऊन डॉक्टरांकडे जा आणि त्यांच्यासमोर ओढून दाखवा. औषध घशातच बसत असेल, तर आधी ते सुधारायला हवं.