लातूरजवळच्या खेड्यात शेती करणाऱ्या माझ्या आईच्या गुडघ्यांची झीज झाली आहे. शस्त्रक्रिया टाळता येईल का?

झीज फार पुढे गेलेली नसेल तर शस्त्रक्रिया बहुधा लांबवता येते, आणि त्यासाठी पहिला उपचार गोळी नसून मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम हा आहे. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यविषयक सरकारी संस्थेची २०२२ मधील मार्गदर्शक तत्त्वे व्यायाम, वजन जास्त असल्यास ते घटवणे आणि गुडघ्यावर लावायचे वेदनाशामक मलम यांवर भर देतात. ग्लुकोसामाइन हे सांध्यांसाठी विकले जाणारे पूरक औषध देऊ नये, असेही त्यांत स्पष्ट म्हटले आहे, तरी आपल्याकडे त्यावर महिनोन्महिने पैसे खर्च होतात याचे वाईट वाटते. स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा आराम काही आठवड्यांपुरताच असतो. उकिडवे बसून तासन्‌तास खुरपणी करणे शक्यतो टाळावे. मात्र वेदनेने रात्रीची झोप मोडत असेल आणि घरातल्या घरात चालणेही अवघड झाले असेल, तर सांधेरोपणाबाबत अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला घेण्यास विलंब करू नये.