इंदूर ते महू: माजी सैनिकांसाठी सायकल फेरी काढायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या राजेंद्रनगर आणि आसपासची २४ मंडळी लष्करी छावणीच्या महूपर्यंत सायकलनं जाणार, त्यातून माजी सैनिकांसाठी निधी उभा करणार. त्या चोविसांतच दोन माजी सैनिक असतील. एकाचा पाय गुडघ्याखाली कृत्रिम आहे, दुसरे हातांनी चालवायच्या तीनचाकी हँडसायकलवर येणार. तयारी कुठून सुरू करावी?

त्या दोघांपासून. वेग, थांबे, रस्ता, सगळं त्यांच्या सोयीनं ठरलं की बाकीच्या बावीस जणांचं आपोआप बसतं. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: हौशी मंडळी २५च्या वेगानं पुढे निघून जातात आणि ज्यांच्यासाठी फेरी, ते फोटोपुरते उरतात.

तारीख आधी ठरवा. १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन मनात येणं साहजिक आहे, भारतीय लष्कराचे पहिले भारतीय प्रमुख जनरल करिअप्पा १९५३ साली त्याच दिवशी निवृत्त झाले. पण त्याच सुमारास संक्रांत असते, आणि रस्त्यावर आडवा आलेला मांजा सायकलवाल्याच्या बरोबर गळ्याशी येतो. १४ एप्रिलही नको. बाबासाहेबांचा जन्म महूचा, वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते तेव्हाचा. त्या दिवशी महाराष्ट्रातून इतके लोक येतात की गावात सायकल ढकलतसुद्धा नेता येत नाही. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वज दिन (१९४९पासून पाळला जातो) किंवा त्याच्या जवळचा रविवार उत्तम. हवा थंड असते. सूर्य पावणेसातनंतर उगवतो, म्हणून सातच्या आत निघू नका.

आता पैसे. देणगी तुमच्या कुणाच्याही वैयक्तिक खात्यात किंवा यूपीआयवर घेऊ नका. अनोळखी लोकांचे छोटे छोटे पैसे एका बचत खात्यात धडाधड आले की बँक विचारणा करते, आयकराच्या हिशेबात ते तुमचं उत्पन्न दिसू शकतं, आणि कॉलनीत कुजबुज सुरू होते ती वेगळीच. सोपा मार्ग म्हणजे देणाऱ्यानं थेट केंद्रीय सैनिक बोर्डाच्या सशस्त्र सेना ध्वज दिन निधीत भरावं आणि पावती तुमच्या गटावर टाकावी. तुम्ही फक्त बेरीज ठेवायची. जुनी करपद्धत निवडलेल्यांना त्या देणगीवर करसवलत मिळते, पण २,००० रुपयांहून जास्त रोख दिलेल्या रकमेवर नाही, हे आधीच सांगून ठेवा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र देऊन ठेवलंत तर तिथले अधिकारी मार्गदर्शन करतात, बरेचदा झेंडा दाखवायलाही येतात. अमेरिकेत स्थायिक होऊन तिथलं नागरिकत्व घेतलेला भाचा ‘मी तुमच्या मंडळाला पाठवतो’ म्हणाला, तर नको म्हणा. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला मंडळाची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागते.

‘फौजींना पेन्शन असते, मग मदत कशाला?’ हे हमखास ऐकू येईल. उत्तर तयार ठेवा. जवानाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षांची सेवा लागते. त्याआधी बाहेर पडलेल्या अनेकांना ती नाही. ६५ वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या गरजू माजी सैनिकांना याच निधीच्या आधारानं दरमहा अनुदान मिळतं. नोव्हेंबर २०२५पासून ते ४,०००वरून ८,००० रुपये झालं. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, त्याचंही नाव देणाऱ्यांपुढे ठेवता येईल. ‘भारत के वीर’ हा देणगी निधी मात्र वेगळा: तो सीआरपीएफ, बीएसएफ अशा केंद्रीय दलांतल्या शहिदांच्या कुटुंबांसाठी आहे. दोन्ही एकाच पोस्टरवर कोंबू नका. जर्सी, पाणी, टेम्पो यांचा खर्च सहभाग शुल्कातून किंवा एखाद्या दुकानदाराकडून भागवा. देणगीतला एक रुपयाही त्यात जाऊ नये.

आता कृत्रिम पायाचं. घोट्यातून जोर लावता येत नाही, म्हणून चवड्याऐवजी तळव्याचा मधला भाग पेडलवर यावा. पाय पेडलवरून सरकला तरी त्यांना जाणवत नाही, त्यामुळे खिळ्यांचं रुंद पेडल आणि वर सैलसर पट्टा लावा. क्लीटचे (पेडलला अडकून बसणारे) बूट त्या पायाला फेरीच्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. टाच वळवून सुटायचं असतं, आणि ते वळण इथे मांडीतून आणावं लागतं. पेडल वर येताना गुडघा जास्त वाकला की सॉकेटची (पाय ज्यात बसतो त्या कृत्रिम पायाच्या वाटीची) मागची कड मांडीत रुतते. त्या बाजूला १७०ऐवजी १६० किंवा १५५ मिमीचा क्रँक (पेडलचा दांडा) बसवला तर हा त्रास बराच कमी होतो. सीटची उंची चांगल्या पायावर ठरवा आणि मग पाच-सहा किलोमीटर फिरवून बघा.

खरी अडचण घामाची. लायनरमध्ये (सॉकेटच्या आतल्या मऊ अस्तरात) घाम साचतो, वर श्रमानं स्टंप (पायाचा उरलेला भाग) थोडा आक्रसतो, सॉकेट सैल होतं, घासतं आणि जखम होते. म्हणून ४०-४५ मिनिटांनी थांबाच. खुर्ची, सावली, थोडा आडोसा, सुका नॅपकिन आणि स्टंपचे जादा मोजे. लायनर पुसून सुकवायचा, गरज पडली तर एक मोजा वाढवायचा. ही दहा मिनिटं वाया गेली असं ज्याला वाटतं, त्याला टोळीत घेऊ नका.

हँडसायकल चढावर सातआठच्या वेगानं रांगते आणि उतारावर सगळ्यांच्या पुढे पळते. मोठा घाट या रस्त्यावर नाही, पण चढउतार आहेत. तिच्या पुढे तीन-चार सायकलींएवढी जागा मोकळी सोडा. ती इतकी बुटकी असते की ट्रकवाल्याला दिसतच नाही. दीड मीटरच्या काठीवर नारिंगी झेंडा आणि उजव्या हाताला मागे एक अनुभवी सायकलस्वार, हे दोन्ही हवंच. वळायला तिला मोठं वर्तुळ लागतं, उंच गतिरोधकाला पायठेवणी घासते. आदल्या रविवारी त्याच हँडसायकलनं रस्ता पाहून या.

रस्ता म्हणाल तर राजवाड्यापासून महू साधारण २५ किलोमीटर, राजेंद्रनगरहून १५च्या आसपास. राऊ, पिगडंबर, किशनगंज असं जुन्या एबी (आग्रा-मुंबई) रोडनं जा, बायपास टाळा. कुणी उत्साहात पुढे महेश्वरपर्यंत जाऊ म्हणालं तर या गटासह नाही: मानपूरच्या पुढचा गणपती घाट ट्रकचे ब्रेक फेल होण्यासाठी कुप्रसिद्ध आहे.

आठ-आठच्या तीन टोळ्या करा, प्रत्येकीत पुढे एक आणि शेवटी एक जबाबदार माणूस. शेवटच्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. रहदारीत एकामागे एक, मोकळ्या रस्त्यावर फार तर दोघे शेजारी. खड्डा दिसला की पुढच्यानं हात दाखवायचा आणि ओरडायचंही, कारण हात मागच्या चौघांनाच दिसतो. मागे टेम्पो, शक्यतो छोटा हाथी.

टेम्पोत उभा पंप ठेवा, आणि तो मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हला तसाच बारीक प्रेस्टाला चालतो का, ते घरीच पाहा. अर्धी पंक्चरं इथेच अडतात. ७०० आणि २९च्या चाकांची रिम एकाच व्यासाची, पण २६ आणि २७.५च्या ट्यूब वेगळ्या घ्याव्या लागतात. हायब्रिडच्या ३५च्या टायरला ६०-७० पीएसआय, एमटीबीला (जाड टायरच्या माउंटन बाइकला) ४०-४५ पुरे. हवा कमी असली की खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. एकच बुजवून निघालात तर दहा मिनिटांत पुन्हा थांबाल. उजव्या अंगावर पडलेल्या सायकलचा डिरेलर हँगर (मागचे गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) वाकलेला असू शकतो. तपासल्याशिवाय मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर गिअर टाकला, तर डिरेलर थेट आऱ्यांत जातो.

ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच विरघळवा, बाटलीत अर्ध्या पाण्यात नाही. पोहे-जिलबी महूत पोहोचल्यावर. निघताना केळं आणि दोन पोळ्या पुरतात, इंदुरी ‘भिया’ (भैया) लोकांनी कितीही आग्रह केला तरी.

परवानगी दोन ठिकाणी लागेल. शहर पोलीस आयुक्तालयाकडे, कारण डिसेंबर २०२१पासून इंदुरात ती पद्धत आहे, आणि किशनगंज-महूसाठी ग्रामीण पोलिसांकडे. अर्जात संख्या, वेळ, मार्ग, टेम्पोचा नंबर लिहा आणि किमान १५ दिवस आधी द्या. महूत इन्फंट्री स्कूल, आर्मी वॉर कॉलेज अशा संस्था आहेत. ड्रोन अजिबात नको, आणि फाटकांपाशी सेल्फीही नको. आत जायचं असेल तर त्यांचं लेखी उत्तर हाती आल्यावरच कार्यक्रमपत्रिकेत छापा. जर्सीवर लष्करी गणवेशासारखे ठिपके किंवा रेजिमेंटचं चिन्ह नको, साधा एकरंगी कपडा आणि पाठीवर फेरीचं नाव पुरे.

स्वागताला फटाके लावू नका. रणांगण पाहून आलेल्या काहींना अचानकचा धमाका सहन होत नाही, आणि ते तोंडानं सांगतही नाहीत. ढोल वाजवायचा असला तर त्या दोघांना आदल्या दिवशी विचारा.