गार, गारगोटी आणि क्वार्ट्झ

स्वयंपाकघराच्या ओट्याची जाहिरात मराठीत करायला घेतलेल्या एका ताईंनी विचारलंय : 'क्वार्ट्झ'ला मराठी शब्द कोणता? कोशात 'स्फटिक' सापडतो, तर 'स्फटिकाचा ओटा' लिहिलं तर चालेल का?

नका लिहू, ताई. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आरपार दिसणारा ओटा येईल आणि घरी भलतंच पाहून तो भांडायला येईल. त्या फरशीत क्वार्ट्झ या खनिजाचा चुरा असतो, साधारण नव्वद टक्के, आणि तो धरून ठेवायला रेझिन.

'स्फटिक' या शब्दाला आपण दोन कामं लावली आहेत. जपमाळेतला स्फटिक म्हणजे पारदर्शक क्वार्ट्झच. (दुकानदार खरा असेल तर! नाहीतर काच. अस्सल मणी काचेपेक्षा हाताला जास्त गार लागतो.) शाळेच्या प्रयोगशाळेत मात्र मोरचुदाचे स्फटिक, मिठाचे स्फटिक, तिथे अर्थ पदार्थाच्या नेमक्या, पैलूदार घडणीचा. साखरेचा स्फटिक म्हणजे काही क्वार्ट्झ नव्हे. उलट समुद्रकाठच्या पांढऱ्या वाळूचे कण बहुधा क्वार्ट्झचे असतात, पण त्यांना कुणी स्फटिक म्हणत नाही.

आपला खरा शब्द आहे 'गारगोटी', किंवा नुसती 'गार'. माळावर पायाला लागणारा तो दुधट पांढरा, कडेला किंचित उजेड आत घेणारा दगड. लहानपणी आम्ही दोन गारगोट्या घेऊन गोधडीत शिरायचो आणि अंधारात एकमेकींवर जोरात घासायचो. दगडांच्या पोटात क्षणभर पिवळसर उजेड हलायचा आणि बोटांना जळका वास यायचा. घासण्याने क्वार्ट्झ उजळतो, हे शास्त्र फार नंतर कळलं. चिलीम ओढणाऱ्यांच्या चंचीत चकमक असायची, तिच्यातही हीच गार. पोलादावर ती हाणली की ठिणगी उडे, ती कापसात धरायची. गंमत म्हणजे पेटतो तो पोलादाचा कीस. गार फक्त त्याला खरवडते, कारण ती त्याच्याहून कठीण. हल्ली चकमक उडते ती वर्तमानपत्रात, पोलिसांची आणि दरोडेखोरांची.

आणि मराठीत 'गार' किती ठिकाणी भेटते पाहा. आभाळातून पडते ती गार, माठातलं पाणी गार, माळावरचा दगडही गार. तिकडे ग्रीक भाषेत 'क्रिस्टालोस' म्हणजे बर्फ, आणि त्याच शब्दाने ते पारदर्शक क्वार्ट्झही ओळखत. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने तर हा दगड म्हणजे पक्का गोठलेला बर्फच, असं लिहून ठेवलंय. इंग्रजी 'क्रिस्टल' तिथूनच आला.

'क्वार्ट्झ' हा शब्द मात्र पंडितांचा नाही, जर्मन खाणकामगारांचा. सोळाव्या शतकात आग्रिकोला या जर्मन खनिजतज्ज्ञाने तो लॅटिन ग्रंथात नेला. म्हणून मला 'गारगोटी' त्याची सख्खी बहीण वाटते. 'स्फटिक' फार तर सोवळ्यातला चुलता.

आपल्या घराघरांत तो शब्द शिरला घड्याळाच्या तबकडीवरून. २५ डिसेंबर १९६९ ला जपानच्या सेइकोने क्वार्ट्झचं पहिलं मनगटी घड्याळ बाजारात आणलं. सेलच्या विजेने आतली क्वार्ट्झची चिमुकली कपची थरथरते; पुढे रूढ झालेल्या घड्याळांत सेकंदाला ३२,७६८ वेळा. तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणजे काट्याची एक टिकटिक. आमच्या घरी या घड्याळाला कुणी क्वार्ट्झ म्हणालं नाही. 'चावीचं' आणि 'सेलचं', एवढ्यावर भागायचं. 'गारगोटीचं घड्याळ' अर्थाने चूक नाही, पण म्हणून बघा, हसू येईल.

तसंच ओट्याचं. 'गारगोटीचा ओटा' म्हटलं की खडबडीत वाटतं, गिऱ्हाईक फिरकणार नाही. तुम्ही 'क्वार्ट्झचा ओटा' छापा. 'क्वार्ट्झाचा' नको, तसं कुणी बोलत नाही. राहिला उच्चार. जर्मन माणूस शेवटी जो आवाज काढतो, तो आपल्या 'चाक'मधला च. म्हणजे 'क्वार्च' लिहूनही भागलं असतं! पण इंग्रजीच्या वाटेने येताना त्याला झ चिकटला, तो आता राहू द्या.